आठवण : भेटलेल्या माणसांचा आपल्यावरील हक्क

दिव्य कुरआनच्या बाराव्या सूरहमध्ये, म्हणजे सूरह यूसुफमध्ये, तुरुंगातील एक प्रसंग आला आहे. आदरणीय यूसुफ (अलै.) निर्दोष असूनही कैदेत आहेत. त्यांच्याबरोबर आणखी दोन तरुण कैदी आहेत. दोघांनाही स्वप्ने पडतात आणि अर्थ विचारण्यासाठी दोघेही यूसुफ (अलै.) यांच्याकडे येतात, कारण हा मनुष्य सदाचारी आहे, हे त्यांनी सहवासात ओळखलेले असते. यूसुफ (अलै.) आधी त्यांना एकेश्वरत्वाचा संदेश देतात, मग स्वप्नांचा अर्थ सांगतात. त्यांपैकी जो सुटणार होता, त्याच्याकडे ते एकच मागणे मागतात : आपल्या धन्याजवळ माझी गोष्ट काढ. तो मनुष्य सुटला, पुन्हा राजाच्या सेवेत रुजू झाला आणि विसरला. शैतानने त्याला विसर पाडला, असे कुरआन सांगतो आणि त्या विसरण्याची किंमतही लगेच सांगून टाकतो. यूसुफ (अलै.) यांना आणखी काही वर्षे तुरुंगातच काढावी लागली.

वाचकहो, त्या मनुष्याने यूसुफ (अलै.) यांच्याशी वैर धरले नव्हते. त्याने खोटी साक्ष दिली नाही, कुणाचे कान भरले नाहीत. त्याच्या हातून एवढेच घडले की, सुखाचे दिवस येताच दुःखाच्या दिवसांत भेटलेला माणूस त्याच्या मनातून निघून गेला. एका माणसाच्या विसरण्यामुळे दुसऱ्या माणसाच्या आयुष्याची वर्षे बंद दाराआड गेली. विसरणे ही नेहमीच निरुपद्रवी गोष्ट नसते, हे समजण्यासाठी हा एक प्रसंग पुरेसा आहे.

आता आपण आपल्याकडे वळू या. आईच्या कुशीत डोळे उघडल्यापासून कबरीत डोळे मिटेपर्यंत अल्लाह आपली किती माणसांशी गाठ घालून देतो! प्रसूतीच्या वेळी रात्रभर जागलेली दाई, मकतबमध्ये अलिफ-बे शिकविणारे मौलवीसाहेब, जिल्हा परिषदेच्या शाळेत हात धरून मुळाक्षरे गिरवून घेणारे गुरुजी, वडिलांच्या आजारपणात अर्ध्या रात्री रिक्षा घेऊन दारात उभा राहिलेला शेजारी, आखाती देशातील पहिल्या नोकरीसाठी व्हिसा पाठविणारा गावातला माणूस, परक्या शहरात पहिल्या महिन्यात आपल्या ताटातले अर्धे देणारा खोलीतला सोबती. यांतील किती जण आज आपल्याला नावानिशी आठवतात? आणि जे आठवतात, त्यांपैकी किती जणांची गेल्या वर्षभरात आपण विचारपूस केली? मोबाइलमध्ये शेकडो क्रमांक साठविलेले असतात. ते क्रमांक यंत्र लक्षात ठेवते. माणसाला मात्र माणसानेच लक्षात ठेवावे लागते.

भेट हा योगायोग नव्हे

श्रद्धावंताच्या दृष्टीने कोणतीही भेट आंधळ्या योगायोगाने होत नाही. सूरह हुजुरातच्या १३ व्या आयतीत अल्लाहने समस्त मानवांना उद्देशून स्पष्ट केले आहे की, त्याने सर्वांना एका पुरुषापासून व एका स्त्रीपासून निर्माण केले आणि त्यांचे समाज व कबिले बनविले, ते त्यांनी एकमेकांना ओळखावे यासाठी. येथे ‘ओळख’ हा हेतू म्हणून सांगितला आहे. ज्याला ओळखायचे आणि दुसऱ्याच दिवशी विसरायचे, त्याला ओळख कसे म्हणावे? ओळखीबरोबर जबाबदारी येते, आणि ती पार पाडण्यासाठीच अल्लाहने मनुष्याला स्मृतीची देणगी दिली आहे. संपत्ती, आरोग्य आणि वेळ यांप्रमाणे स्मृती हीसुद्धा अमानत आहे. तिच्यात आपण काय जपून ठेवले आणि काय फेकून दिले, याचाही जाब द्यावा लागेल.

या जबाबदारीचे गांभीर्य दोन आयतींतून लक्षात येते. सूरह मरयमच्या ६४ व्या आयतीत सांगितले आहे की, आपला पालनकर्ता विसरणारा नाही. सूरह मुजादलाच्या सहाव्या आयतीत कयामतच्या दिवसाचे वर्णन आहे : अल्लाह सर्वांना पुन्हा उठवील आणि त्यांनी काय केले होते ते त्यांना सांगेल, ते स्वतः विसरून गेले असतील, परंतु अल्लाहने मात्र त्याची मोजदाद ठेवलेली असेल. म्हणजे आपल्याला विसर पडला, म्हणून एखादे प्रकरण मिटत नाही. ज्या माणसांना आपण मागे टाकून आलो, ती सर्व माणसे पुढे भेटणार आहेत. जगातील शेवटची भेट ही खरी शेवटची भेट नसते.

आदरणीय प्रेषितांची (स.) वफादारी

माणसांची आठवण कशी ठेवावी, याचे सर्वोत्तम उदाहरण आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनात सापडते. माता खदीजा (रजि.) यांचे निधन हिजरतच्या सुमारे तीन वर्षे आधी, इ. स. ६१९ मध्ये मक्केत झाले. पुढे मदीनेत राज्य स्थापन झाले, मोहिमा झाल्या, शिष्टमंडळांची वर्दळ सुरू झाली. पण या सर्व धामधुमीत प्रेषित (स.) त्यांना विसरले नाहीत. घरी बकरी कापली, की तिच्या मांसाचा वाटा ते खदीजा (रजि.) यांच्या मैत्रिणींकडे आवर्जून पाठवीत. माता आयेशा (रजि.) यांनी मोकळेपणाने सांगितले आहे की, ज्यांना मी कधी पाहिलेही नाही, त्या खदीजा (रजि.) यांच्याविषयी मला जेवढा हेवा वाटे, तेवढा इतर कोणाविषयी वाटत नसे, कारण प्रेषित (स.) त्यांचा वारंवार उल्लेख करीत. एकदा खदीजा (रजि.) यांच्या भगिनी हाला (रजि.) यांनी दाराबाहेरून आत येण्याची परवानगी मागितली. त्यांची परवानगी मागण्याची ढब बहिणीसारखीच होती. ती ऐकताच प्रेषितांना (स.) खदीजा (रजि.) यांची आठवण होऊन भरून आले.

बद्रच्या युद्धात (हिजरी २, इ. स. ६२४) सत्तर कैदी हाती आले. त्यांच्यात प्रेषितांचे (स.) जावई अबुल आस हेही होते. त्यांनी तोवर इस्लाम स्वीकारला नव्हता. पतीच्या सुटकेसाठी कन्या जैनब (रजि.) यांनी मक्केहून जो मोबदला पाठविला, त्यात एक कंठहार होता. तो खदीजा (रजि.) यांनी लेकीला लग्नात दिलेला होता. तो हार पाहताच प्रेषितांचे (स.) अंतःकरण हेलावले. परंतु त्यांनी स्वतःच्या अधिकारात तो हार परत केला नाही. त्यांनी सहाबांना विचारले की, तुम्हाला योग्य वाटत असेल तर जैनबच्या कैद्याला सोडा आणि तिची वस्तू तिला परत करा. सहाबांनी आनंदाने संमती दिली. येथे आठवण आहे, माया आहे आणि त्याबरोबर न्यायाची मर्यादाही आहे. प्रिय व्यक्तीच्या आठवणीपोटी सार्वजनिक मालमत्तेला परस्पर हात लावायचा नाही, हा धडा याच प्रसंगात दडलेला आहे.

आणखी एक रिवायत आहे. मदीनेत एक वृद्धा प्रेषितांकडे (स.) आली. त्यांनी तिचे फार प्रेमाने स्वागत केले, आमच्या मागे तुमचे कसे चालले, म्हणून आस्थेने चौकशी केली. ती गेल्यावर माता आयेशा (रजि.) यांनी आश्चर्याने विचारले की, या म्हातारीची एवढी आवभगत का? प्रेषितांनी (स.) सांगितले की, ही स्त्री खदीजा हयात असताना आमच्या घरी येत असे, आणि जुना स्नेह उत्तम रीतीने निभावणे हा ईमानचा भाग आहे. बंधू-भगिनींनो, या उत्तराकडे लक्ष द्या. जुन्या संबंधांची बूज राखणे हा केवळ शिष्टाचार आहे, असे प्रेषितांनी (स.) म्हटले नाही, त्यांनी त्याला ईमानशी जोडले. नमाज-रोजाच्या बाबतीत जो दक्ष आहे, पण ज्याच्या दारात आईची जुनी मैत्रीण येऊन तशीच परत जाते, त्याने आपल्या ईमानच्या या भागाकडे पाहिले पाहिजे.

बालपणीच्या माणसांविषयीही प्रेषितांची (स.) हीच रीत होती. लहानपणी त्यांना सांभाळणाऱ्या उम्मे ऐमन (रजि.) यांना ते अखेरपर्यंत मातेसमान मानत आणि त्यांच्या भेटीला जात. प्रेषितांच्या (स.) निधनानंतर आदरणीय अबू बकर (रजि.) हे आदरणीय उमर (रजि.) यांना म्हणाले की, चला, प्रेषित (स.) जसे उम्मे ऐमन यांच्या भेटीला जात, तसे आपणही जाऊ या. खलीफापदाचा भार खांद्यावर आलेला मनुष्य एका वृद्ध दाईच्या घरी चालत जातो, कारण आपल्या प्रिय प्रेषितांनी (स.) जपलेले नाते आता आपण जपले पाहिजे, असे त्याला वाटते.

हिजरी ८ मध्ये हुनैनच्या युद्धानंतर हवाजिन कबिल्याच्या कैद्यांत शैमा नावाची स्त्री होती. तिने सैनिकांना सांगितले की, मी तुमच्या प्रेषितांची दूधबहीण आहे. तिला समोर आणले गेले. तिने लहानपणीची खूण दाखविली, तेव्हा प्रेषितांनी (स.) तिच्यासाठी आपली चादर अंथरली, तिला सन्मानाने बसविले आणि येथे राहायचे की आपल्या माणसांत परत जायचे, हे ठरविण्याचा अधिकार तिलाच दिला. तिने परत जाणे पसंत केले, तेव्हा तिला भेटी देऊन निरोप दिला. हा वृत्तांत चरित्रग्रंथांत नोंदलेला आहे. पुढे हवाजिनच्या शिष्टमंडळानेही याच दुधाच्या नात्याचा हवाला दिला आणि सुमारे सहा हजार कैद्यांची सुटका झाली. माता हलीमा (रजि.) यांनी अर्ध्या शतकाहून अधिक काळापूर्वी एका अनाथ बालकाला पाजलेल्या दुधाची आठवण अशी एका संपूर्ण कबिल्याच्या उपयोगी पडली.

उपकारकर्ता कोणत्याही धर्माचा असो

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ताइफहून जखमी अवस्थेत परतलेल्या प्रेषितांना (स.) मक्केत सुरक्षित प्रवेश मिळणे कठीण होते. त्या वेळी मुतइम बिन अदी या कुरैशी सरदाराने त्यांना आश्रय दिला. आपल्या मुलांना शस्त्रे घेऊन काबागृहाजवळ उभे केले आणि हा मनुष्य माझ्या संरक्षणाखाली आहे, असे जाहीर केले. प्रेषितांच्या (स.) कुटुंबीयांवरील सामाजिक बहिष्कार मोडून काढण्यातही त्याचा पुढाकार होता. मुतइमने इस्लाम स्वीकारला नाही आणि बद्रच्या आधीच तो मरण पावला. तरीही बद्रच्या कैद्यांविषयी प्रेषितांनी (स.) काढलेले उद्गार सहीह बुखारीत आले आहेत : मुतइम आज जिवंत असता आणि या लोकांसाठी त्याने माझ्याकडे शब्द टाकला असता, तर त्याच्याखातर मी या सर्वांना सोडून दिले असते.

उपकार करणारा वारला होता, श्रद्धेने वेगळा होता, आणि ज्यांच्याविषयी बोलणे चालले होते ते युद्धकैदी होते. तरीही ऋण विसरले गेले नाही. आपल्या महाराष्ट्रात प्रत्येक मुस्लिम कुटुंबाच्या आठवणींत असा एखादा शेजारी, शिक्षक, डॉक्टर किंवा व्यापारी असतोच, जो आपल्या धर्माचा नव्हता आणि अडचणीच्या वेळी आपल्या बाजूने उभा राहिला. वातावरण गढूळ होते, तेव्हा सर्वांत आधी अशा माणसांचा विसर पडतो. मग मुलांच्या कानावर फक्त तक्रारी पडतात आणि त्यांच्या मनात दुसऱ्या समाजाचे एकच चित्र तयार होते. घरात मुलांना सांगा की, तुझ्या आजोबांच्या अडचणीत अमुक गृहस्थ धावून आले होते. हे सांगणे सत्याची साक्ष देणे आहे आणि सत्याची साक्ष लपविण्याची परवानगी आपल्याला नाही. प्रेषितांनी (स.) शिकविले आहे की, जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचेही आभार मानत नाही. या हदीसमध्ये ‘माणसांचे’ असा सर्वसमावेशक शब्द आहे. त्याला आपण आपल्या सोयीने अरुंद करू नये.

ज्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही

काही माणसे उपकारकर्ते म्हणून आठवतात, कारण त्यांचा उपकार मोठा असतो. पण रोज दिसणारी आणि तरीही न दिसणारी माणसे असतात, त्यांचे काय? मस्जिदे नबवीत झाडलोट करणारी एक काळीसावळी स्त्री होती. काही दिवस ती दिसली नाही, म्हणून प्रेषितांनी (स.) चौकशी केली. सहाबांनी सांगितले की, ती वारली. आपल्याला का कळविले नाही, असे त्यांनी विचारले. लोकांना ही बाब किरकोळ वाटली होती. प्रेषितांनी (स.) तिची कबर दाखविण्यास सांगितले आणि तेथे जाऊन तिच्यासाठी नमाज अदा केली. बुखारी व मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत ही हदीस आहे.

मोहल्ल्यातील मस्जिदीत पहाटे अजान देणारे मुअज्जिन, वजूखाना धुणारा सेवक, कबर खोदणारा, इमारतीचा पहारेकरी, घरी भांडी घासायला येणारी बाई : यांतील एखादी व्यक्ती आठ दिवस दिसली नाही, तर आपल्या लक्षात येते काय? आले, तर काम अडले म्हणून लक्षात येते की माणूस दिसला नाही म्हणून? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने स्वतःच्या मनाशी द्यावे.

काय विसरावे, हेही शिकावे

स्मृतीची अमानत सांभाळणे म्हणजे सर्व काही धरून ठेवणे नव्हे. काही गोष्टी विसरण्याचीच शिकवण दिली गेली आहे. पहिली गोष्ट म्हणजे आपण दुसऱ्यावर केलेला उपकार. सूरह बकराच्या २६४ व्या आयतीत श्रद्धावंतांना बजावले आहे की, उपकार बोलून दाखवून आणि दुःख देऊन त्यांनी आपले दान वाया घालवू नये. भावाच्या शिक्षणाला पैसे दिले, भाच्याला नोकरी लावून दिली, आणि पुढची वीस वर्षे प्रत्येक लग्नसमारंभात ते ऐकवून दाखविले, तर अल्लाहकडे जमा होऊ शकले असते ते पुण्य आपणच आपल्या जिभेने पुसून टाकले.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्याला झालेला त्रास. मिस्तह (रजि.) हे आदरणीय अबू बकर (रजि.) यांचे गरीब नातलग. त्यांचा खर्च अबू बकर (रजि.) चालवीत. माता आयेशा (रजि.) यांच्यावर कुभांड रचले गेले, तेव्हा मिस्तहही त्या बोलण्यात वाहवले. बापाच्या काळजाला याहून मोठी जखम कोणती? अबू बकर (रजि.) यांनी यापुढे त्यांना मदत न करण्याची शपथ घेतली. तेव्हा सूरह नूरची २२ वी आयत अवतरली. ऐपतदारांनी नातलगांना, गरिबांना व अल्लाहच्या मार्गात हिजरत करणाऱ्यांना मदत न करण्याची शपथ घेऊ नये, क्षमा करावी, असे तिच्यात सांगितले आहे. आणि अल्लाहने तुम्हाला क्षमा करावी असे तुम्हाला वाटत नाही काय, असा प्रश्नही विचारला आहे. अबू बकर (रजि.) यांनी तत्काळ मदत पुन्हा सुरू केली. झालेली गोष्ट त्यांच्या आठवणीतून पुसली गेली असेल, असे नव्हे. परंतु त्या आठवणीला त्यांनी आपल्या हाताचा ताबा दिला नाही. क्षमेचा अर्थ हाच आहे.

सूरह यूसुफकडे पुन्हा पाहा. राजाला स्वप्न पडले, तेव्हा त्या साकीला काही वर्षांनी यूसुफ (अलै.) आठवले आणि तो तुरुंगात अर्थ विचारायला आला. यूसुफ (अलै.) यांनी त्याला एका शब्दानेही टोचले नाही. इतकी वर्षे कुठे होतास, असे विचारले नाही. सात सुकाळाच्या आणि सात दुष्काळाच्या वर्षांचा अर्थ त्यांनी सांगितलाच, शिवाय धान्य कणसातच राखून ठेवण्याचा उपायही सांगितला. पुढे सारे कुटुंब एकत्र आले, तेव्हा त्यांनी अल्लाहच्या कृपेचा उल्लेख करताना तुरुंगातून सुटका झाल्याचे सांगितले, पण ज्या विहिरीत भावांनी त्यांना टाकले होते, तिचे नाव काढले नाही. भावांना लाज वाटू नये म्हणून त्यांनी असे केले, हे भाष्यकारांनी नोंदविले आहे. वितुष्टाचा दोषही त्यांनी शैतानकडे दिला. विहीर आठवत असूनही ती न काढणे, हे फार मोठ्या मनाचे काम आहे. वारसा आणि जमिनीच्या वादांनी दुभंगलेल्या आपल्या कुटुंबांत अशा एका मौनाने किती दारे उघडतील!

घटस्फोटासारख्या कटू प्रसंगीही, सूरह बकराच्या २३७ व्या आयतीत, परस्परांतील औदार्य विसरू नका, अशी ताकीद दिली आहे. नाते संपले तरी त्यातले चांगले संपत नाही. लवादासमोर बसलेल्या दोन्ही बाजूंच्या वडीलधाऱ्यांनी ही आयत डोळ्यांसमोर ठेवली, तर निदान विभक्त होणारी दोन घरे एकमेकांची बेअब्रू करणार नाहीत.

ज्यांना आपण दुखावले

आता त्या यादीकडे येऊ, जी आपल्याला नकोशी वाटते. ज्यांनी आपल्याला दुखावले, त्यांची यादी सर्वांना पाठ असते. ज्यांना आपण दुखावले, त्यांची नावे लवकर पुसट होतात. प्रेषितांनी (स.) एकदा सहाबांना विचारले की, दिवाळखोर कोण? त्यांनी पैसा नसलेल्या माणसाचे वर्णन केले. प्रेषितांनी (स.) सांगितले की, माझ्या उम्मतमधील दिवाळखोर तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण त्याने कुणाला शिवी दिली असेल, कुणावर आळ घेतला असेल, कुणाचा माल खाल्ला असेल, कुणाला मारले असेल. मग त्याची पुण्ये त्या सर्वांना वाटली जातील, आणि ती संपली तर त्यांची पापे याच्यावर टाकली जातील. सहीह मुस्लिममधील ही हदीस वाचताना लक्षात येते की, त्या दिवशी दावा करणारे कोणी अनोळखी नसतील. ते आपल्याच आयुष्यात भेटलेले लोक असतील.

आपल्याकडे जनाजाच्या वेळी मयताचा मुलगा किंवा भाऊ पुढे येऊन जाहीर करतो की, यांच्याकडे कुणाचे देणे असेल तर आम्हाला सांगा, आम्ही ते फेडू. ही फार चांगली रीत आहे. पैशाचे देणे वारसांना फेडता येते. परंतु वर्गात ज्याची टिंगल केली तो गरीब मुलगा, जिला माहेरच्या गरिबीवरून ऐकवले ती सून, ज्याची मजुरी चार महिने रखडवली तो कामगार, यांच्या मनाला झालेली जखम वारसांना कशी फेडता येईल? मजुरीची रक्कम ते देतील. माफी मात्र ज्याची त्यानेच मागायची असते. हजला निघताना लोक घरोघरी जाऊन बोलले-चालले माफ करा, असे म्हणतात. पण हजची वाट कशाला पाहायची? प्रेषितांनी (स.) तर असे शिकविले आहे की, ज्याने आपल्या भावावर अन्याय केला असेल त्याने आजच त्याच्याकडून ते माफ करून घ्यावे, दीनार-दिरहम चालणार नाहीत असा दिवस येण्यापूर्वी. आणि सर्वांना मिळून एकदा माफ करा म्हणण्यापेक्षा त्या एका माणसाच्या दारात जाऊन ती एक गोष्ट नावानिशी कबूल करणे अवघड असते. म्हणूनच तिचे मोल अधिक आहे.

आपल्या पूर्वसूरींची रीत

मुस्लिम समाजाने माणसांच्या आठवणीला ज्ञानशाखेचे रूप दिले, ही अभिमानाची गोष्ट आहे. हदीस कोणी कोणाकडून ऐकली, ते दोघे खरोखर भेटले होते काय, तो मनुष्य सत्यवचनी होता काय, हे तपासताना विद्वानांनी हजारो सामान्य माणसांची चरित्रे नोंदविली. त्यांत राजे-सरदार होते, तसेच कापड विकणारे, तेल विकणारे आणि गुलामगिरीतून मुक्त झालेलेही होते. हाफिज इब्ने हजर (निधन हिजरी ८५२) यांच्या केवळ सहाबांवरील ‘अल-इसाबा’ या ग्रंथात बारा हजारांहून अधिक नोंदी आहेत. इमाम तबरानी (हिजरी २६० ते ३६०) यांनी आपल्या गुरूंच्या नावांची क्रमवार रचना करून ‘अल-मुअजमुस सगीर’ तयार केला. त्यांत हजाराहून अधिक गुरू आहेत आणि प्रत्येकाकडून सामान्यतः एक हदीस घेतलेली आहे. ज्याच्याकडून एकच गोष्ट शिकली, त्याचेही नाव लिहून ठेवायचे, ही ती वृत्ती.

इमाम अहमद बिन हंबल (रह.) यांना खलीफा मुअतसिमच्या काळात चाबकाचे फटके मारण्यात आले. त्यांच्या चरित्रात एक हृद्य वृत्तांत आहे. ते अनेकदा अबुल हैसम नावाच्या माणसासाठी दुआ करीत. मुलाने विचारले की, हा कोण? इमामांनी सांगितले की, ज्या दिवशी मला फटक्यांसाठी नेले, त्या दिवशी एकाने मागून माझे वस्त्र ओढले. तो नामांकित चोर होता. तो मला म्हणाला की, मी या दुनियेपायी शैतानच्या आज्ञेत कितीतरी फटके सोसले. तुम्ही तर अल्लाहच्या दीनसाठी सोसता आहात, धीर सोडू नका. इमाम तो चेहरा विसरले नाहीत. भेट काही क्षणांची होती आणि माणूस चोर होता. पण त्याने दिलेला आधार खरा होता.

मग आपण काय करावे?

प्रथम, ज्यांनी आपल्यावर उपकार केले आहेत, त्यांची नावे एकदा शांतपणे आठवावीत, लिहून काढावीत. जे हयात आहेत त्यांना भेटावे. भेटणे शक्य नसेल तर फोन करावा. काम काढून नव्हे, केवळ विचारपूस म्हणून. निवृत्त शिक्षकाला जुन्या विद्यार्थ्याचा असा एक फोन किती दिवस पुरतो, हे तोच जाणतो.

दुसरे, उपकाराची परतफेड शक्य असेल तर करावी. शक्य नसेल तर, प्रेषितांच्या (स.) शिकवणुकीनुसार, परतफेड झाली असे वाटेपर्यंत त्या माणसासाठी दुआ करीत राहावे. जो श्रद्धावंत आपल्या अनुपस्थित बंधूसाठी दुआ करतो, त्याला फरिश्ता आमीन म्हणतो आणि तुलाही तसेच लाभो, असे म्हणतो. ज्यांनी ईमानवर जग सोडले, त्यांच्यासाठी मगफिरतची दुआ आहे. सूरह हश्रच्या दहाव्या आयतीत आपल्यापूर्वी ईमान घेऊन गेलेल्या बांधवांसाठी अशी दुआ शिकविली आहे. जे इतर धर्माचे आहेत, त्यांच्या हयातीत त्यांच्यासाठी मार्गदर्शनाची व कल्याणाची दुआ करावी आणि ते गेल्यावर त्यांच्या मुलाबाळांशी तसाच चांगुलपणा ठेवावा.

तिसरे, आईवडिलांच्या मित्रांना आपले मानावे. आदरणीय अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांना मक्केच्या वाटेवर एक ग्रामीण अरब भेटला. त्यांनी त्याला आपले गाढव बसण्यासाठी दिले आणि डोक्यावरची पगडीही दिली. सोबतचे लोक म्हणाले की, हे लोक तर थोडक्यावरही खूश होतात. तेव्हा त्यांनी सांगितले की, याचा पिता माझ्या वडिलांचा मित्र होता, आणि पित्याच्या स्नेह्यांशी संबंध राखणे ही मोठी सदाचाराची गोष्ट असल्याचे मी प्रेषितांकडून (स.) ऐकले आहे. वडील गेल्यावर त्यांचे मित्र मस्जिदीच्या पायरीवर एकटे बसलेले दिसतात. त्यांच्याजवळ दहा मिनिटे बसणे हीसुद्धा वडिलांची सेवाच आहे.

चौथे, ज्याचे मन आपण दुखावले, त्याच्याकडे या आठवड्यातच जावे. पुढच्या आठवड्याची हमी आपल्याजवळ नाही आणि त्याच्याजवळही नाही.

वाचकहो, सूरह जुखरुफच्या ६७ व्या आयतीत सांगितले आहे की, त्या दिवशी जिवलग मित्रही एकमेकांचे शत्रू होतील, अपवाद फक्त अल्लाहचे भय बाळगणाऱ्यांचा. म्हणजे काही नाती त्या भयंकर दिवशीही टिकून राहतील. ज्यांनी येथे एकमेकांना अल्लाहसाठी लक्षात ठेवले, एकमेकांचे हक्क दिले, एकमेकांच्या चुका पोटात घातल्या, त्यांची भेट तेथे आनंदाची होईल. यूसुफ (अलै.) यांना त्यांचा तुरुंगातला सोबती विसरला, पण अल्लाह विसरला नाही. आपणही कोणाच्या तरी आठवणीची वाट पाहत असू, तर हाच विश्वास आपला आधार आहे. आणि आपली वाट कोणी पाहत असेल, तर त्याला आणखी काही वर्षे वाट पाहायला लावू नये.

हे अल्लाह! ज्या माणसांच्या रूपाने तू आमच्यावर कृपा केलीस, त्यांची जाणीव आमच्या मनात जिवंत ठेव. आम्ही केलेले उपकार आमच्या जिभेवर येऊ देऊ नकोस. ज्यांनी आम्हाला दुखावले त्यांना क्षमा करण्याचे बळ दे आणि ज्यांना आम्ही दुखावले त्यांच्या दारापर्यंत जाण्याची हिंमत दे. जे ईमानसह तुझ्याकडे आले, त्यांच्या कबरी प्रकाशाने भरून टाक आणि आमची त्यांच्याशी भेट तुझ्या प्रसन्नतेच्या ठिकाणी घडव. आमीन.